चारपैकी चार

मी व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या वह्या तपासायच्या, व्हाउचरला पावती जोडली आहे का ते पाहायचं, आणि समोरचा कितीही देवमाणूस असला तरी रोकड मोजल्याशिवाय सही करायची नाही, हा माझा धंदा. आणि शनिवार-रविवारी सकाळी साडेसहाला पुण्यातल्या एका कॉलेजच्या मैदानावर मी गेली अकरा वर्षं असा खेळ खेळतोय, ज्यात पंचच नसतो. हे दोन्ही एका डोक्यात कसं काय नांदतं, असं बायकोने विचारलं की मी म्हणायचो, "ऑफिसात पैशाचा मामला असतो. मैदानात माणसं खेळायला येतात." हे वाक्य मला फार आवडायचं. पाहुण्यांसमोरही टाकायचो.

ते वाक्य मी मागे घेतो आहे.

खेळाचं नाव अल्टिमेट. लोक 'फ्रिसबी' म्हणतात, पण तो एका कंपनीचा ब्रँड. आम्ही डिस्क म्हणतो. १७५ ग्रॅमची प्लास्टिकची तबकडी, शंभर मीटर लांब आणि ३७ मीटर रुंद मैदान, दोन्ही टोकांना अठरा-अठरा मीटरचे एंड झोन, सात विरुद्ध सात. डिस्क हातात असताना पळता येत नाही आणि दहा सेकंदांत ती फेकावी लागते. ते दहा आकडे समोर उभा असलेला प्रतिस्पर्धीच मोठ्याने मोजतो. डिस्क खाली पडली की दुसऱ्या संघाची. एंड झोनमध्ये झेलली की गोल. इथपर्यंत सगळं सोपं आहे. गंमत पुढे आहे. फाउल झाला तर ज्याच्यावर झाला तोच ओरडतो. समोरच्याला पटलं तर विषय संपला. नाही पटलं तर तो 'कॉन्टेस्ट' म्हणतो आणि डिस्क ज्याने फेकली होती त्याच्याकडे परत जाते, जणू तो थ्रो झालाच नव्हता. जागतिक अजिंक्यपदाच्या सामन्यातही हेच. याला आमच्यात 'स्पिरिट ऑफ द गेम' म्हणतात, आणि हे शब्द उच्चारताना काही लोकांचा आवाज आरतीला उभं राहिल्यासारखा होतो. माझाही व्हायचा.

सामना संपला की दोन्ही संघ एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून गोल करून उभे राहतात, एक आमचा, एक त्यांचा, असे. कौतुक होतं, तक्रारी होतात. मग प्रत्येक संघ दुसऱ्या संघाला गुण देतो: नियमांचं ज्ञान, अंगलट कितपत केली, निष्पक्षपणा, वृत्ती आणि संयम, संवाद. प्रत्येकी शून्य ते चार. दोन म्हणजे नेहमीसारखं चांगलं. चार क्वचित मिळतात.

या सगळ्याने मी भारावलो होतो, ते बंगळुरूला नोकरीत असताना. पुण्यात परत आलो तेव्हा माझ्याकडे एक तयार कीर्तन होतं. पूर्वरंगात मॅराडोना: १९८६, मेक्सिको, इंग्लंडविरुद्ध हाताने मारलेला गोल, पंचांना दिसला नाही म्हणून तो गोल ठरला. म्हणजे पंच असला की खेळाडूची जबाबदारी एवढीच उरते, की पंचाला दिसता कामा नये. उत्तररंगात गुंडाप्पा विश्वनाथ: फेब्रुवारी १९८०, वानखेडे, सुवर्णमहोत्सवी कसोटी. बॉब टेलरला पंचांनी बाद दिलं होतं, तो निघालाही होता. आपल्या कर्णधाराने पंचांना निर्णय मागे घ्यायला लावला आणि टेलरला परत बोलावलं. मग टेलर आणि बोथमने १७१ धावांची भागी केली आणि आपण दहा गड्यांनी हरलो. ऐकणारा गप्प झाला की मी म्हणायचो, आमच्या खेळात प्रत्येक जण विश्वनाथ असतो.

हे कीर्तन एकाच माणसावर चाललं नाही. आमचे बाबा. ते पंचवीस वर्षं खो-खोचे पंच होते, जिल्हा पातळीवर सरपंचही झाले. खो-खोच्या सामन्याला दोन पंच, त्यांच्यावर सरपंच, शिवाय वेळाधिकारी आणि गुणलेखक लागतात. खो मिळायच्या आधी कुणी उठलं, मधली रेषा ओलांडली, दिशा बदलली, एवढं सगळं एका श्वासात पाहायचं असतं. बाबांची शिट्टी अजून कपाटात, जुन्या घड्याळाच्या डबीत आहे. माझं ऐकून ते म्हणाले होते, "विश्वनाथ एकटाच निघाला, म्हणून तर इतकी वर्षं त्याचं नाव घेतोयस. आणि पंच नसेल तिथे पंच नसतो असं नाही. ज्याचा आवाज मोठा तो पंच होतो."

मी हसलो होतो. त्यांना म्हटलं होतं, बाबा, तुम्ही खेळ बघितलेला नाही.

आता ती उपांत्य फेरी. तीन वर्षं झाली. स्पर्धेचं आणि गावाचं नाव लिहीत नाही, कारण चूक तिथल्या कुणाची नव्हती. समोरचा संघ एका संस्थेने वस्तीतल्या मुलामुलींचा उभा केलेला. आमच्याकडे हा खेळ बहुतेक वेळा मिश्र संघांचा असतो, मुलं-मुली एकत्र. माझ्यावर मार्किंगला सतरा-अठराचा एक मुलगा होता. सैल जर्सी, पाठीवरचा आकडा काळ्या चिकटपट्टीचा, आणि पळायला असा की अडतिसाव्या वर्षी त्याच्या मागे धावणं म्हणजे सुटलेली बस पकडणं. १२-१२. वेळ संपलेली. पुढचा गोल करील तो जिंकणार.

आमच्या मुलीने लांब थ्रो टाकला. एंड झोनच्या आत, डाव्या कोपऱ्याकडे. डिस्क वाऱ्यावर जराशी थांबली, जशी संध्याकाळच्या वेळी थांबते. मी उडी मारली, तोही उडाला, आणि डिस्क खाली पडली. माझा खांदा दुखत होता. मी ओरडलो, "फाउल!"

पुढचं माझ्या आठवणीत असं होतं: आम्ही दोघं बोललो, मी त्याला नियम समजावला, त्याला तो पटला, तो म्हणाला, "नो कॉन्टेस्ट". डिस्क गोलरेषेवर माझ्या हातात आली. दोन मीटरचा पास. आम्ही जिंकलो. सामन्यानंतर गोल करून उभे असताना त्यांच्या कर्णधार मुलीने सगळ्यांसमोर सांगितलं, की यांनी आम्हाला नियम नीट समजावून सांगितले, शिकायला मिळालं. आणि कागदावर नियमांच्या ज्ञानाला त्यांनी आम्हाला चारपैकी चार दिले. तो कागद मी व्हॉट्सअॅपवर टाकला होता. अंतिम सामना आम्ही १५-६ असा सपाटून हरलो, पण त्या चार गुणांचा आनंद आठवडाभर पुरला.

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका खेळाडूचा भाऊ जुना फोन विकायला काढत होता. त्यात त्या दिवसाचे व्हिडिओ निघाले. त्याने सहज ग्रुपवर टाकले. मी रात्री जेवण झाल्यावर, ताटावरून उठलोही नव्हतो, तेव्हा पाहिले.

उडीचं चित्र स्वच्छ होतं. त्या मुलाची बोटं आधी डिस्कला लागली, डिस्क खाली वळली, आणि त्यानंतर आमचे खांदे आदळले. तेही माझाच त्याच्या अंगावर. फाउल असलाच तर माझा होता. पण हे मी इथे कबुलीजबाब म्हणून सांगत नाहीये. त्या क्षणी मला खरोखर वाटलं होतं, की मला ढकललं. मी खोटं बोललो नव्हतो. बारा-बारा असताना दुखरा खांदा जे सांगतो तेच डोळ्यांना दिसतं, एवढंच झालं होतं. नियमांत त्याचीही सोय आहे: माणूस चुकेल, समोरचा कॉन्टेस्ट म्हणेल, डिस्क परत जाईल. माझ्या हातून चुकीची हाक गेली असती आणि तिथेच थांबली असती, तर मी फोन बंद करून हात धुवायला गेलो असतो.

मला खिळवलं ते पुढच्या बेचाळीस सेकंदांनी. कारण व्हिडिओला आवाज होता.

मुलगा म्हणतो, "दादा, हात नाही लागला." स्वच्छ ऐकू येतं. मग माझा आवाज सुरू होतो, आणि तो इंग्रजीत आहे. पुण्यात जन्मलेला मी, मराठी बोलणाऱ्या पोराशी, मराठी मातीवर उभा राहून, इंग्रजीत. प्रत्येक खेळाडूला आपल्या डोक्यावरच्या मोकळ्या जागेचा हक्क असतो, असा एक नियम आमच्यात आहे. तो मी जवळपास शब्दशः म्हणून दाखवतो. कलमाचा नंबर सांगतो. आवाज चढलेला नाही. उलट अतिशय शांत, समजूतदार, क्लायंटला नोटिशीचं उत्तर समजावताना लागतो तसा. अधूनमधून मी त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. तो एकदा त्याच्या संघाकडे बघतो, एकदा खाली बघतो. मग ते दोन शब्द. आणि मी त्याची पाठ थोपटतो.

पाठ थोपटलेली मला आठवत नव्हती.

आमच्या लहानपणी वाड्यातल्या क्रिकेटला तरी कुठे पंच होता? बॅटिंग करणाऱ्यांपैकीच कुणीतरी पंच. पण तिथे एक चोख हत्यार होतं: 'रडी खातोय'. हा शब्द एकदा अंगाला चिकटला की संध्याकाळ संपेपर्यंत सुटायचा नाही, आणि तो कुणीही कुणालाही लावू शकायचं. दुसरीतला पोरगा सातवीतल्याला. तिथे सगळे एका पायरीवर होते. मी कलमाचा नंबर सांगितला तेव्हा त्या मुलाच्या हातात असा कुठला शब्द होता? मला 'रडी' म्हणाला असता, तर मीच त्याला वृत्ती आणि संयमात एक दिला असता.

त्यांच्या प्रशिक्षक ताईंचा नंबर होता माझ्याकडे. व्हिडिओ पाठवला, माफी लिहिली, त्याच्याशी बोलायचंय असं कळवलं. तो आता एका कुरिअर कंपनीत लागलाय, रविवारी खेळतो. फोनवर आधी जरा अवघडला. मी म्हटलं, फाउल नव्हता, मी व्हिडिओ पाहिला. तो म्हणाला, "माहितीय दादा. तेव्हाच माहिती होतं."

"मग कॉन्टेस्ट का नाही म्हणालास?"

"आम्हाला सांगितलं होतं, जास्त वाद घालायचा नाही. स्पिरिटचे मार्क जातात."

मी यावर काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. काहीतरी पुटपुटलो.

त्यानंतर मी जरा खेळाचा इतिहास पुन्हा वाचला, या वेळी कीर्तनकाराच्या डोळ्यांनी नाही. हा खेळ १९६८ साली न्यू जर्सीतल्या मेपलवुडच्या कोलंबिया हायस्कूलच्या पोरांनी सुरू केला. त्यातला जोएल सिल्व्हर पुढे 'डाय हार्ड' आणि 'मेट्रिक्स'चा निर्माता झाला. रटगर्स आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला ६ नोव्हेंबर १९७२ला. रटगर्सने तो २९-२७ असा जिंकला. आणि त्या पोरांच्या सुरुवातीच्या नियमांत पंच ठेवायला मनाई नव्हती. स्पिरिटचं कलम नियमांत आलं ते सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. म्हणजे मी जे वेदवाक्य समजत होतो ते शाळकरी पोरांची सोय होती. पार्किंगच्या जागेत रात्री खेळणाऱ्यांना पंच आणायचा कुठून? सोय वाईट नसते. पण सोयीला सोवळं नेसवलं की मग तिला हात लावता येत नाही.

अमेरिकेतच त्यांनी पुढे हात लावला. ऐंशीच्या दशकापासून तिथे महत्त्वाच्या सामन्यांना ऑब्झर्व्हर असतात. ते कडेला उभे राहतात. डिस्क रेषेच्या आत की बाहेर, गोल की नाही, वेळ किती झाली, हे ते स्वतः सांगतात. फाउलची हाक मात्र खेळाडूच देतो. दोघांचं पटलं तर ऑब्झर्व्हर गप्प. नाही पटलं आणि विचारलं, तर तो सांगेल ते शेवटचं. बेताल वागणाऱ्याला तो कार्डही दाखवू शकतो. जागतिक फेडरेशनने मात्र इतकं पुढे जायचं टाळलं. त्यांच्या काही मोठ्या स्पर्धांत गेम अॅडव्हायझर असतात, ते आपलं मत देतात, निर्णय खेळाडूंचाच. आणि तिसरं टोक म्हणजे २०१२ साली सुरू झालेली अमेरिकेतली व्यावसायिक लीग. तिथे सरळ शिट्टीवाले पंच. खेळाडूला एवढीच मुभा, की आपल्या बाजूने लागलेला निर्णय चुकीचा असेल तर त्याने तो स्वतः फिरवावा.

त्या लीगचे बरेच सामने मी यूट्यूबवर पाहिले आणि तिथे मात्र माझं जुनं मन अजून जिवंत आहे. डिस्क पडली की खेळाडूची मान आधी पंचाकडे वळते, मग डिस्ककडे. मला ते नकोय. मला हाक खेळाडूनेच द्यायला हवी आहे, समोरच्याच्या डोळ्यांत बघून. फक्त ती हाक दिल्यावर दोघांत जे बोलणं होतं, त्याच्या शेजारी तिसरा माणूस उभा हवा आहे. ज्याला त्या सामन्यात काही मिळवायचं नाही, आणि ज्याला 'दादा' म्हणावं लागत नाही.

आणि कॉन्टेस्टचाही हिशेब जरा मांडून पाहिला. बचाव करणाऱ्याने डिस्क स्वच्छ पाडली, मी उगाच फाउल म्हणालो. त्याला पटलं तर डिस्क माझी. नाही पटलं तर डिस्क आमच्याच माणसाकडे परत, पुन्हा दहा सेकंद. म्हणजे चुकीची हाक दिल्यावर एक तर सगळं मिळतं, नाहीतर निम्मं. तोटा कधीच नाही. एखाद्या कंपनीत खोटं बिल लावणाऱ्याला हमखास निम्मे पैसे मिळत असते आणि पकडल्यावर दंड शून्य असता, तर माझ्या ऑडिट रिपोर्टात मी काय शेरा मारला असता, हे मला अकरा वर्षांत एकदाही सुचू नये?

संघात हे मांडलं तेव्हा एक जण म्हणाला, तीन वर्षांपूर्वीचं उकरून काय मिळणार, गोल परत देणार आहेस का? दुसरी म्हणाली, तुझ्या एका चुकीची शिक्षा सगळ्या खेळाला का? हे दोन्ही मी पचवले. ताईंचं म्हणणं मात्र जड गेलं. मला वाटलं होतं त्या माझ्या बाजूने असतील. त्या म्हणाल्या, "ऑब्झर्व्हर आला की माझी मुलं त्याच्या तोंडाकडे बघणार. घरी बापाच्या, शाळेत सरांच्या, नाक्यावर पोलिसाच्या तोंडाकडे बघतात तशी. हे एकच मैदान आहे जिथे सोळा वर्षांच्या मुलीला तुमच्यासारख्याला सांगावं लागतं, की तुम्ही चुकलात. ते मी काढून घेऊ? वाद घालू नका हे मी सांगायला नको होतं. ती माझी चूक. ती मी दुरुस्त करीन. तुम्ही तुमची करा, मराठीत बोला."

याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एवढंच म्हणालो, की तुमची मुलं बोलायला शिकतील तोवर किती उपांत्य फेऱ्या त्यांनी माझ्यासारख्यांना द्यायच्या? त्या म्हणाल्या, "देतील दोन-चार. तुमच्यापेक्षा लवकर शिकतात." ज्यांनी त्या मुलांना शून्यातून उभं केलं त्या हे म्हणतायत आणि त्या मुलाची डिस्क हिरावणारा मी त्यांना संरक्षण द्यायला निघालोय, यातला विनोद मला कळतो. तरी माझं मत बदललेलं नाही. साखळी सामने ताई म्हणतात तसे होऊ द्या. तिथे वेळ असतो, चूक परवडते. उपांत्य आणि अंतिम फेरीला दोन ऑब्झर्व्हर हवेत. त्यांच्याशी मराठीत, हिंदीत, हवं त्या भाषेत बोलता यावं. आणि कलमाचा नंबर सांगणाऱ्याला जास्त वजन मिळू नये.

बाबांना हे सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, म्हणतील, सांगितलं नव्हतं? त्यांनी फक्त विचारलं, "त्या पोराला तू इंग्रजीत का बोललास?" आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

कर्णधारांच्या ऑनलाइन बैठकीत मी हा ठराव मांडला. अकरा संघ होते. बाजूने चार, विरोधात सात. तो पडला. विरोध करणाऱ्या सातांपैकी तिघांनी मात्र आपसातल्या मैत्रीच्या सामन्यांत करून बघायला हरकत नाही असं कळवलंय, आणि फेब्रुवारीतले चार रविवार ठरले आहेत. अडचण माणसांची आहे. आम्ही सगळे खेळणारे; कडेला उभं राहायला कुणीच उरत नाही. खेळ माहीत असायची गरज नाही, दोन सकाळींत शिकवतो. नियमांच्या मराठी नोट्स मी काढल्या आहेत, साध्या, कलमांच्या नंबरांशिवाय. पुण्यात ज्यांना एक रविवार सकाळ देता येईल, त्यांनी या. टोपी आणा, पाणी आणा. शिट्टी लागत नाही.